आमच्या माळाचे आफ्रिकेतील सोयरे

आफ्रिकेची सफर करून आलेली मंडळी हल्ली आपल्याकडे पूर्वीइतकी दुर्मिळ राहिलेली नाहीत. पुण्या-मुंबईची, आणि आता आमच्या नगरकडचीही, हौशी कुटुंबे केनियाला नाही तर टांझानियाला जाऊन येतात. परतल्यावर त्यांच्या घरी चहाला गेले म्हणजे पहिला तास सिंहाचा, दुसरा हत्तीचा आणि तिसरा त्या अफाट गवताळ मैदानाचा जातो. ऐकणारे कौतुकाने माना हलवतात, आणि उठताना कोणीतरी हमखास म्हणते, “नाहीतर आपल्याकडे बघा, नुसता उजाड माळ!”

मी सुप्याचा. पुण्याहून नगरला जाताना वाटेवर लागणारे, पारनेर तालुक्यातले हे गाव. शाळेत मुलांना शिकवावे आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, हा माझा व्यवसाय. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, तेव्हा प्राणिशास्त्राचा अधिकार मला नाही. परंतु इतिहास वाचण्याची खोड आहे, आणि रोज ज्या माळाच्या कडेने जायचे त्याच्याविषयी कोणी “उजाड” म्हटले की मनाला लागते. म्हणून यंदाच्या दिवाळीत वाचकांना एक नाते सांगावे असे मनात आले. ते नाते आमच्या दख्खनच्या माळाचे आणि त्या दूरच्या आफ्रिकेचे आहे. ते चांगले जुने आहे, आणि त्यातला काही भाग अजूनही टिकून आहे.

आधी शब्दांचेच पाहा. ‘सफारी’ हा शब्द इंग्रजीने घेतला तो आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील स्वाहिली भाषेतून. स्वाहिलीत तो आला अरबी ‘सफर’ या शब्दावरून. आणि आपण मराठीत प्रवासाला ‘सफर’ म्हणतो तोही तोच अरबी शब्द, फारसीच्या हाताने आपल्या घरी आलेला. म्हणजे आफ्रिकेच्या सफारीला जाणारा मराठी माणूस आपलाच शब्द थोडा वेगळा उच्चारून तिकीट काढत असतो! उलट बाजूने ‘चित्ता’ हा शब्द घ्या. संस्कृतातल्या ‘चित्र’पासून, म्हणजे ठिपक्यांवरून, आपल्या भाषांनी हे नाव केले, इंग्रजांनी ते हिंदुस्थानात ऐकले आणि सगळ्या जगाला दिले. आज केनियाच्या मैदानावर गोरा प्रवासी बोट दाखवून ज्या नावाने त्या जनावराला हाक मारतो, ते नाव आपल्याकडचे आहे.

नाव आपले राहिले आणि जनावर मात्र त्यांच्याकडे उरले. असे का झाले, हीच या लेखाची मुख्य कथा आहे.

परंतु त्याआधी थोडे फार मागे जाऊ या. चांगले पंचवीस हजार वर्षे मागे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे नावाचे गाव आहे. लीलावतीकर्त्या भास्कराचार्यांच्या संबंधात हे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. १९७०च्या सुमारास तेथे पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले, तेव्हा अश्मयुगीन माणसांच्या हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे मिळाले. एका तुकड्यावर तर रेघांची नक्षी कोरलेली आहे, आणि कवचाचे मणीही सापडले. शहामृग म्हणजे आज आपण आफ्रिकेचा म्हणून ओळखतो तो पक्षी. अलीकडे, २०१७ साली, भारतात सापडलेल्या अशा कवचांची तपासणी करून शास्त्रज्ञांनी सांगितले की हा पक्षी आजच्या आफ्रिकी शहामृगाचाच जवळचा नातलग होता. म्हणजे एके काळी खानदेशच्या मैदानात शहामृग धावत होता आणि त्याच्या अंड्याचे मणी गळ्यात घालून आपले पूर्वज मिरवत होते.

आमच्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ साली शेतात चार मोठ्या धातूच्या प्रतिमा सापडल्या. बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, एक रेडा, एक हत्ती आणि एक गेंडा. प्रवरेच्या काठच्या त्या कारागिराने किंवा त्याच्या गुरूने गेंडा पाहिला असला पाहिजे, हे ती मूर्ती पाहताच पटते. मुलांना मी हे वर्गात सांगतो तेव्हा ती हसतात. प्रवरेकाठी आज ऊस आहे, साखर कारखाने आहेत. गेंड्याची कल्पनाच त्यांना करवत नाही.

आता माळाकडे वळू. सह्याद्रीने पश्चिमेचा पाऊस अडवला की त्याच्या पूर्वेला जो कोरडा पट्टा उरतो तो आमचा मुलूख. काळ्या कातळावर वीतभर माती, पाऊस बेताचा आणि लहरी. अशा जमिनीवर दाट अरण्य होत नाही, गवत होते. कुसळी, पवन्या, मारवेल अशी त्याची नावे आमच्या गुराख्यांना तोंडपाठ. अधूनमधून एखादी बाभूळ किंवा बोर. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीची रचनाही ढोबळमानाने अशीच आहे. तेथेही पाऊस बेताचा, गवत मुख्य आणि बाभळीच्या जातीची झाडे तुरळक. सेरेंगेटी हे नाव तेथल्या मसाई लोकांच्या भाषेतले, आणि त्याचा अर्थ अंत नसलेला माळ असा सांगतात. त्यांनी माळाला माळच म्हटले. फरक एवढाच की त्यांनी ते अभिमानाने म्हटले, आणि आपल्या महसुली दफ्तराने मात्र माळाला ‘पडीक’ आणि ‘पोटखराबा’ अशी नावे दिली.

जमीन सारखी म्हटल्यावर बिऱ्हाडेही सारखीच असणार. सेरेंगेटीत ज्यांच्यामागे चित्ता धावतो ती चिमुकली गॅझेल हरणे, त्यांची सख्खी जात म्हणजे आपली चिंकारा. आपला काळवीट त्याच घराण्यातला. आपल्या डोंगरकपारीत राहणारे पट्टेवाले तरस पूर्व आफ्रिकेतही आढळते. उन्हात माळावर तुरुतुरु पळणारा धाविक पक्षी घ्या, त्याचे चुलतभाऊ आफ्रिकेत आहेत. आणि सर्वांत जवळचे नाते माळढोकाचे. आफ्रिकेत ‘कोरी’ नावाचा जो भला थोरला पक्षी पाहून प्रवासी थक्क होतात, तो आणि आपला माळढोक एकाच कुळातले. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत वजनदार गणले जाणारे जे थोडे पक्षी आहेत, त्यांत या दोघांचीही गणना होते.

या सगळ्या बिऱ्हाडाचा पाटील म्हणजे चित्ता. येथे एक खुलासा करणे मला शिक्षक म्हणून भाग आहे. आमच्याकडे उसात बिबट्या शिरला की गावभर “चित्ता आला” अशी ओरड होते. तो चित्ता नव्हे. बिबट्याच्या अंगावर फुलासारखी पोकळ वर्तुळे असतात; चित्त्याच्या अंगावर भरीव काळे ठिपके असतात, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांपासून तोंडापर्यंत अश्रूंच्या ओघळासारखी एकेक काळी रेघ असते. बिबट्या दबा धरतो, झाडावर चढतो, आडोसा शोधतो. चित्ता उघड्यावर धावून शिकार करतो. अंगाने सडपातळ, पाय लांब, छाती खोल. तासाला शंभर किलोमीटरच्या आसपास वेग तो गाठतो, परंतु काही शे मीटरच. मग त्याचा दम संपतो. अशा जनावराला अरण्याचा काय उपयोग? त्याला माळच हवा.

आणि माणसाने नेमका त्याचा हा गुण हेरला. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. मराठी भाषेच्या प्राचीन खुणा शोधणारे आपले विद्वान ज्या ग्रंथाचा वारंवार उल्लेख करतात, तोच हा. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये चित्त्याकडून हरणांची शिकार करवण्याचे वर्णन येते. म्हणजे आठ-नऊशे वर्षांपूर्वी दख्खनच्या राजदरबारात हा खेळ चांगला रुळलेला होता.

पुढे मोगलांनी त्याला शाही थाट दिला. अकबराला चित्त्यांचा विलक्षण नाद. अबुल फज़लने ‘आइन-इ-अकबरी’त चित्त्यांचे वर्ग, त्यांचा रोजचा मांसाचा रतीब, त्यांची झूल, त्यांचे रखवालदार यांची तपशीलवार नोंद केली आहे. जहांगीर तर आपल्या आठवणींत लिहितो की वडिलांनी आयुष्यभरात नऊ हजार चित्ते जमवले होते. आकड्यात अतिशयोक्ती धरली तरी शेकड्यांनी चित्ते होते यात शंका नाही.

पण याच आठवणींत जहांगीर आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. एवढे चित्ते बाळगूनही त्यांना बंदिवासात पिल्ले होत नसत; एकदाच काय ती झाली. चित्त्याची मादी पिंजऱ्यात सहसा विणत नाही. शिवाय शिकार ही विद्या पिल्लू आईकडून माळावरच शिकते. म्हणून शिकारी लोकांना लहान पिल्लू नको असे, तयार झालेला रानटी चित्ताच हवा असे. याचा अर्थ काय झाला? दरबारातला प्रत्येक चित्ता माळावरून उचलून आणलेला होता, आणि त्याची जागा भरून काढणारे कोणी दरबारात जन्मत नव्हते. ज्या पेवात धान्य पडतच नाही आणि ज्यातून रोज उपसा चालू आहे, ते पेव किती दिवस पुरणार?

मोगल गेले तरी हौस गेली नाही. संस्थानिकांनी ती चालवली. इंग्रजी अंमलात हिंस्र जनावरे मारणाऱ्याला सरकारी बक्षिसे मिळू लागली, त्यांत चित्ताही सापडला. माळ नांगराखाली जाऊ लागले, काळवीट बंदुकीला बळी पडू लागले. एकोणिसावे शतक संपताना चित्ता दुर्मिळ झाला होता.

त्या शतकाच्या आरंभी आमच्या या भागातून एक इंग्रज फिरला होता, त्याचे नाव कर्नल विल्यम साईक्स. पेशवाई बुडाल्यावर १८२४ साली मुंबई सरकारने दख्खनची शिरगणती, जमीन, पिके, सगळ्यांची माहिती गोळा करण्याच्या कामावर त्याची नेमणूक केली. काम होते आकडे जमवण्याचे, पण गृहस्थाची नजर पाखरांवर आणि जनावरांवर. १८३१ आणि १८३२ साली त्याने दख्खनच्या प्राण्यांच्या आणि पक्ष्यांच्या याद्या लंडनला प्रसिद्ध केल्या. आपल्या माळावरच्या लांडग्याला शास्त्रात जे नाव आहे, ‘फिकट पायांचा’ अशा अर्थाचे, ते त्याने दिलेले. आपल्याकडे माळावर एक लहानसा तुरेवाला चंडोल असतो, त्याला आजही साईक्सचाच चंडोल म्हणतात, आणि त्याच्या शास्त्रीय नावात ‘देवा’ हा आपला शब्द आहे. ज्या माळाला आपण उजाड म्हणतो, त्याच माळावरून जगाच्या शास्त्राला नव्या जाती मिळाल्या, हे आमच्या मुलांना कोणत्याच पाठ्यपुस्तकात आढळत नाही.

आता कोल्हापूर. चित्त्याच्या शिकारीचा शेवटचा मोठा अड्डा आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूरला होता. तेथे चित्ते सांभाळणारी, शिकवणारी माणसे होती. त्यांना चित्तेवान म्हणत. शिकारीची रीत अशी. चित्त्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवून त्याला बैलगाडीवर बसवायचे. काळवीट माणसाला बुजतात, पण शेतात जाणाऱ्या बैलगाडीला बुजत नाहीत. गाडी तिरकी तिरकी हाकत कळपाच्या जवळ न्यायची. मग टोपी काढायची, साखळी सोडायची. चित्ता क्षणभर कळप न्याहाळतो, खाली उतरतो, आणि मग जे घडते ते डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपते. हरीण सापडले तर चित्ता त्याचा गळा धरून ठेवतो. तेवढ्यात चित्तेवान धावत पोचतो, त्याला रक्त पाजतो, वाटा देतो, आणि युक्तीने शिकार सोडवून घेतो. हरीण निसटले तर चित्ता फार पाठलाग करीत नाही. धापा टाकीत, रुसल्यासारखा तेथेच बसून राहतो.

आणि आता या कथेतली सर्वांत चमत्कारिक गोष्ट. हे चित्ते आले कोठून? देशात तर ते मिळेनासे झाले होते. १९१८च्या सुमारापासून पुढे पाव शतक, म्हणजे दुसरे महायुद्ध संपेपर्यंत, कोल्हापूर, भावनगर अशी संस्थाने चक्क आफ्रिकेतून चित्ते आणवीत होती. ज्या देशाने या जनावराला नाव दिले आणि आठशे वर्षे त्याला शिकवून शिकारीला नेले, त्याला आपला खेळ चालू ठेवण्यासाठी समुद्रापलीकडे माणसे पाठवावी लागली. त्या वेळी कोणाच्या मनात आले असेल का, की आपल्या माळावरचे चित्ते गेले कुठे? आले असेलही. पण जोवर बाजारात दुसरीकडून माल मिळतो तोवर घरचे पेव रिकामे झाल्याची हळहळ कोणाला वाटते!

राजे लोकांनाच दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. त्याच कोल्हापूरच्या राजवाड्यातल्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरे आपण आजही तिकीट काढून कौतुकाने पाहतो. आणि शिकारीने मेले त्याहून अधिक चित्ते कदाचित माळ गेल्यामुळे मेले असतील. माळ तर आपण सगळ्यांनी मिळून संपवला.

१९४७ साली, देशाला स्वातंत्र्य मिळाले त्याच वर्षी, मध्य भारतातल्या कोरिया संस्थानात तीन चित्ते एका रात्री गोळीला बळी पडल्याची नोंद आहे. आपल्या देशातल्या चित्त्यांची ही शेवटची खात्रीची नोंद समजतात. १९५२ साली तो नामशेष झाल्याचे सरकारने मान्य केले. पुढे सत्तर वर्षे गेली. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते विमानाने आणून मध्य प्रदेशातल्या कुनोच्या राष्ट्रीय उद्यानात सोडले, आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. त्यांपैकी काही दगावले, काहींना येथे पिल्लेही झाली. या वेळी ते शिकारीसाठी आले नाहीत, एवढे समाधान. परंतु आणावे लागले ते पुन्हा आफ्रिकेतूनच.

चित्ता गेला, पण काळविटाचे धावणे गेले नाही. काळवीट तासाला ऐंशी किलोमीटरच्या घरात धावतो. लांडगा एवढा वेगवान नाही, कुत्रा तर नाहीच. मग या हरणाला एवढ्या वेगाची गरज काय, असा प्रश्न एका मुलीने मला वर्गात विचारला होता. तिला उत्तर दिले ते असे, की त्याच्यामागे हजारो वर्षे चित्ता धावत होता. आता मागे कोणी नाही, तरी तो धावतो. मुलगी काही बोलली नाही. पण तास संपल्यावर तिने वहीत एक काळवीट काढला आणि त्याच्या मागे मोकळी जागा सोडली.

आफ्रिकेशी आमच्या नगरचे नाते केवळ जनावरांचे नाही. निजामशाहीचा थोर वजीर मलिक अंबर हा हबसाणातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला. गुलाम म्हणून विकला गेलेला तो पोरगा नगरच्या दरबारात आला, आणि पुढे बुडत्या निजामशाहीला त्याने पंचवीसेक वर्षे तोलून धरले. १६२४ साली नगरजवळ भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशहा यांच्या फौजांना धूळ चारली. त्या लढाईत शहाजीराजे होते आणि त्यांचे बंधू शरीफजी तेथे कामी आले. १६२६ साली मलिक अंबर वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. त्याच्या गनिमी काव्याला हा उघडा माळच उपयोगी पडला. आफ्रिकेच्या उंच मैदानातून आलेल्या त्या माणसाला आमचा माळ परका वाटला नसेल, असे मला नेहमी वाटते.

हे झाले इतिहासातले. पण वर म्हटले तसे, नात्यातला काही भाग अजून शिल्लक आहे, आणि त्यासाठी तिकीट काढावे लागत नाही. मान वर करावी लागते.

आपल्या कवींचा लाडका चातक घ्या. पावसाच्या थेंबासाठी चोच उघडून बसणारा म्हणून त्याला आपण ओळखतो. तो काळा-पांढरा, शेंडीवाला पक्षी मोसमी वाऱ्यांबरोबर समुद्र ओलांडून आफ्रिकेतून येतो असे पक्षीशास्त्रज्ञ सांगतात. येथे येऊन सातभाईच्या घरट्यात अंडे घालतो, पोरे दुसऱ्याकडून वाढवून घेतो, आणि पाऊस सरला की निघून जातो. कालिदासाने मेघाच्या सोबतीला जो पक्षी दिला, तो असा आफ्रिकेचा वाटसरू आहे.

चातक जातो आणि दिवाळीच्या आगेमागे अमूर ससाणे येतात. सैबेरिया आणि उत्तर चीनच्या बाजूने निघालेले हे पारव्याएवढे शिकारी पक्षी नागालँड-मणिपूरला थोडा मुक्काम करतात, आपल्या दख्खनवरून जातात आणि मग अरबी समुद्रावर झेप घेतात ती आफ्रिका येईपर्यंत पंख मिटत नाहीत. नागालँडमध्ये २०१२ साली जाळी लावून हे पक्षी हजारोंनी मारले जात असल्याचे उघडकीस आले. पुढच्याच वर्षी तेथल्या गावकऱ्यांनी स्वतः ती शिकार बंद केली. एवढी शिकार एका वर्षात थांबवणारी ती माणसे आपल्याहून श्रीमंत नव्हती, हे ध्यानात घ्यावे.

आणि याच दिवसांत आमच्या मुलांचे आवडते चतुर हवेत थव्याने तरंगताना दिसतात. त्यांतली पिवळसर जात समुद्रावरून, मालदीव बेटांमार्गे, पूर्व आफ्रिकेपर्यंत जाते असा अभ्यासकांचा तर्क आहे. शेपटीला दोरा बांधून मुले ज्याची गंमत करतात, त्या बोटभर किड्याच्या नशिबी आफ्रिकेची सफर आहे आणि आमच्या नशिबी नाही, हे पाहून हसावे की काय करावे कळत नाही!

परंतु या दिवाळीत एका सोयऱ्याविषयी लिहिताना हात जड होतो. तो माळढोक. १९६०च्या सुमारास राष्ट्रीय पक्षी निवडायचा होता तेव्हा डॉ. सालिम अली यांनी माळढोकाचे नाव सुचवले होते. १९६३ साली मान मोराला मिळाला. १९७९ साली सोलापूरजवळचे नान्नज आणि आमच्या जिल्ह्यातला काही भाग मिळून माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले. कागदावर ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होते. त्यात गावे होती, शेते होती, बाजारपेठा होत्या. शेतकऱ्याला आपल्याच जमिनीचे व्यवहार करताना अडचणी येऊ लागल्या, आणि लोकांच्या मनात पाखराविषयी राग बसला. हा राग मी पाहिला आहे, आणि तो अन्यायाचा होता असे मी म्हणणार नाही. पुढे अभयारण्याची हद्द बरीच कमी केली गेली. तोवर पक्षीही कमी झाले होते. माळढोकाची मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. जड शरीरामुळे उडताना त्याला विजेच्या तारा चटकन चुकवता येत नाहीत. आज देशातले बहुतेक माळढोक राजस्थानात आहेत. सगळे मिळूनही दोनशे भरणार नाहीत. महाराष्ट्रात तो दिसला तर वर्तमानपत्रात बातमी होते.

चित्त्याच्या वेळी निदान आफ्रिकेत दुसरे पेव होते. माळढोकाचा भाऊबंद आफ्रिकेत आहे खरा, पण तो कोरी, माळढोक नव्हे. हा येथून गेला तर कोणत्याही देशातून विमानाने आणता येणार नाही.

सगळेच निराशेचे आहे असेही नाही. आमच्याच जिल्ह्यात कर्जत तालुक्यात रेहेकुरीला १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटर. सेरेंगेटीचे चौदा हजारांहून अधिक. तरी त्या एवढ्याशा तुकड्यात काळवीट टिकले, वाढले. सकाळी लवकर गेले तर नरांची टक्कर पाहायला मिळते.

आणि माळ राखणारी माणसे आपल्याकडे आहेत. आपल्या जिल्ह्याला आता ज्यांचे नाव दिले आहे त्या अहिल्यादेवी १७२५ साली आमच्याच जिल्ह्यात चौंडीला एका धनगर घराण्यात जन्मल्या. धनगराचा कळप आणि माळाचे गवत यांचे जुने सूत आहे. मेंढरे फिरती राहिली तर गवत पुन्हा फुटते. सेरेंगेटीतल्या मसाई गुराख्यांना १९५९ साली तेथून बाहेर काढले गेले, आणि ते बरोबर झाले का, याचा वाद तेथे अजून मिटलेला नाही. आपण तरी तसे करू नये. आमच्या माळावर येणाऱ्या एका वृद्ध धनगराला मी विचारले होते, “बाबा, लांडगा मेंढरू नेतो, मग त्याला मारावेसे वाटत नाही?” तो म्हणाला, “वाटतं की गुरुजी. पोटाला चिमटा बसतो. पण लांडगा न्हाई ऱ्हायला तर हरणं न् डुकरं ज्वारीत बसत्यात, मंग तुमीच म्हंताल ह्यांना मारा. कुनाकुनाला मारायचं?” साईक्सने लांडग्याला नाव दिले, पण त्याचा हिशेब या म्हाताऱ्याला अधिक ठाऊक होता.

सुप्याच्या बाजूच्या डोंगरांवर आता पवनचक्क्या फिरतात, रस्त्याकडेला कारखाने उभे राहिले आहेत. आमच्या मुलांना तेथे पोटाला मिळते; ते बंद व्हावे असे मी कसे म्हणू? जी जमीन पिकते ती पिकावी, जेथे कारखाना हवा तेथे तो व्हावा. माझे म्हणणे एवढेच, की उरलेला माळ कोणाच्याच उपयोगाचा नाही असे समजून तो वाटेल त्या कामाला देऊ नये. त्यावर झाडे लावण्याचा उत्साहही जरा बेतानेच करावा. माळाच्या पाखराला झाडी नको, गवत हवे. गावच्या गायरानातले चार-दोन खंड गवताचे म्हणून राखले, पावसाळ्यात अंड्यांच्या दिवसांत तिकडे कुत्री आणि वाहने नेली नाहीत, तर त्याला सरकारचा हुकूमही लागत नाही. गावसभेने ठरवले की पुरे.

तेव्हा वाचकहो, फराळाची ताटे आवरली की एखाद्या सकाळी मुलांना घेऊन गावाबाहेरच्या माळावर जा. फार मोठ्याने बोलू नका, भडक कपडे घालू नका, आणि टिटवी ओरडू लागली तर दोन पावले मागे सरा. तिची घरटी जमिनीवर असतात. नीलपंख तारेवर बसलेला दिसेल, खाटीक बोरीच्या शेंड्यावर असेल, भोवत्या गवतावरून खाली खाली तरंगत जाईल. नशीब असेल तर उंच आकाशात आफ्रिकेकडे निघालेले ससाणे दिसतील. मुलांना सांगा, की हे आपले पाहुणे आहेत आणि त्यांच्या वाटेवर आपले घर आहे. आफ्रिकेला ज्यांना जमेल त्यांनी अवश्य जावे. पण जाण्यापूर्वी घरचा माळ एकदा पाहून जावे, म्हणजे तिकडे गेल्यावर आपण आपल्याच सोयऱ्यांच्या घरी आलो आहोत, हे ओळखता येईल.